जोडीदारीण गेल्यावर गाढव वैरण खात नाही. लगेच दुसरी गाढवी आणावी का?

तुम्ही लिहिलंय की तीन गाढवांतली थोरली गाढवी रात्री मेली, उजाडायच्या आत जेसीबी बोलावून तिला पुरलं, आणि आता तिच्याबरोबर वाढलेला नर फाटकापाशी उभा राहून ओरडतो, वैरणीला धड तोंड लावत नाही. धाकटी थोडंफार खाते. येत्या बाजारातून एक गाढवी आणून सोडली तर तो सावरेल का, असं विचारलंय.

लगेच आणू नका. सावरण्याचं नंतर बघू, आज त्याच्या पोटात काय जातंय तेवढं बघा.

आमच्याकडे आजोबांपासून गाढवं आहेत. भट्टीची माती, वाळू, विटा, सगळं त्यांच्याच पाठीवर गेलं. आता ट्रॅक्टर आले, तरी दोन-चार दारात आहेतच. तेव्हा हे सांगतोय ते जनावरांच्या डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि गोठ्यात बघितलेलं, दोन्ही मिळून आहे.

गाढव हे कोरड्या मुलखातलं जनावर. वाळल्या काडीवर तगतं, मिळालं तेव्हा चरबी साठवतं. पण ते धसक्यानं किंवा आजारानं खायचं थांबलं की अंगातली चरबी भराभर रक्तात उतरते, यकृतात साचते, आणि मग भूक आणखी मरते. डॉक्टर याला हायपरलिपिमिया म्हणतात. असं रक्त काढून ठेवलं तर वरचं पाणी दुधासारखं गढूळ दिसतं. जाडजूड गाढवं, म्हातारी गाढवं आणि गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या गाढवी यांना धोका सगळ्यात जास्त. मानेवर चरबीचा वळ असेल, तो एका बाजूला कलला असेल, तर तुमचा नर त्यातलाच समजा. एकापाठोपाठ दुसरं गाढव गेलं की लोक म्हणतात, विरहानं गेलं. पुष्कळदा ते या चरबीनं गेलेलं असतं, आणि वेळेत डॉक्टर आले असते तर वाचलंही असतं.

अडचण अशी की गाढव दुखणं दाखवत नाही. बैल बसकण मारतो, शेळी कण्हते, हे नुसतं कान पाडून उभं राहतं. वर गव्हाणीत तोंड घालून जबडा हलवतं, लांबून बघणाऱ्याला वाटतं खातंय. म्हणून नजरेवर भरवसा ठेवू नका. दोघांची वैरण शेजारी शेजारी पण वेगळी टाका, मोजून टाका, आणि किती उरली ते बघा. लीद बघा: कमी झाली, गोळे बारीक-कोरडे झाले, वर शेंबडासारखा थर दिसला की तो खात नाही हे नक्की. दिवसभरात वैरण जवळपास तशीच राहिली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. सरकारी फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२. गाईम्हशींचे डॉक्टर असतील तर हायपरलिपिमियाचं नाव तुम्हीच काढा, त्यात काही उद्धटपणा नाही. देशात २०१२ च्या पशुगणनेत सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखसुद्धा भरली नाहीत. नव्या डॉक्टरांच्या हाताखालून गाढवं जाणार कुठून?

तोवर त्याला काहीही करून खायला लावा. बोरी-बाभळीचा कोवळा पाला, हरळी, केळ्याची साल, गाजराचे लांब काप (गोल चकत्या नकोत, घशात अडकतात). हातावर गुळाचा खडा धरून सुरुवात करता येते. तो हातचं खात असेल तर घरातल्या ज्याच्यावर त्याचा जीव आहे त्यानंच द्यावं. ज्वारी-मक्याची पाटी पुढं ठेवू नका, त्यानं पोट दुखेल नाहीतर खूर धरतील. आणि कुणी बांबूच्या नळ्यातून तेल पाजायला सांगेल, ते अजिबात करू नका. फुप्फुसात गेलं तर गाढव हातचं जाईल, आणि रक्तात चरबी उतरलेल्या जनावराला वर तेल कशाला?

आता दुःखाबद्दल. मेलेलं गाढव सोबत्यांना बघू द्यायचं असतं. इंग्लंडात डेव्हनला एलिझाबेथ स्वेंडसेन यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली डाँकी सँक्च्युअरी ही संस्था हेच सांगते: सोबत्याला मृतदेहापाशी राहू द्या, त्याचं लक्ष आपणहून निघेपर्यंत नेऊ नका. आमच्या वडिलांना असली संस्था आहे हेही माहीत नव्हतं, पण ते तसंच करायचे. ओढ्याच्या काठी आमची एक गाढवी मेली तेव्हा तिची जोडीदारीण आधी तिच्या नाकपुड्या हुंगत राहिली. मग पुढच्या खुरानं खांद्याला ढोसलं. मग मानेवरचे केस दातांनी ओढले, रोज एकमेकींची मान खाजवायच्या तसेच. उठत नाही म्हटल्यावर चार पावलं लांब जाऊन हरळी खाल्ली, परत आली, पुन्हा हुंगलं. दुपार टळेपर्यंत हेच. शेवटी एकदा गेली ती परत फिरली नाही. तेव्हा वडील म्हणाले, आता खड्डा घ्या. नंतर ती गप्प गप्प होती, पण शोधत फिरली नाही.

तुमच्याकडे ती संधी गेली, आणि तुमचा नर फाटकापाशी उभा आहे तो बहुधा ती तिकडून येईल म्हणून. आपल्याकडे म्हण आहे ना, गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. ही जनावरं एकमेकांमागं अशीच चालतात. तो ओरडतो त्याला मारू नका, बांधून कोंडू नका. पुरलेली जागा जवळ असेल तर त्याला दाव्यानं तिथं नेऊन हुंगू द्या. तिची जागा फिनेलनं धुऊन टाकायची घाई नको, तिच्या पाठीवरचं गोणपाट असेल तर राहू द्या काही दिवस. हे शास्त्र म्हणून सांगत नाही, आमच्याकडे याचा उपयोग झालाय एवढंच. त्याला आणि धाकटीला मात्र एक क्षणही वेगळं करू नका, दवाखान्यात न्यायचं झालं तरी दोघं एकाच टेम्पोत.

आणखी एक गोष्ट होईल. थोरली पुढं चालायची असेल तर उरलेली दोघं दारातून बाहेर पडायलाच तयार होणार नाहीत, पाण्यावरसुद्धा अडतील. तेव्हा तुम्ही पुढं व्हा. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वाटेनं. कामाचं ओझं थोडे दिवस बंद.

नव्या गाढवीचं म्हणाल तर तुमच्याकडं अजून दोघं आहेत, म्हणून घाई नाही. एकटंच उरलं असतं तर मी उलट सांगितलं असतं, कारण गाढवाला गाढवच लागतं, शेळी बांधून भागत नाही. नवं जनावर आलं की आधी चावे-लाथा होतात, आणि उपाशी, खचलेल्या नराला ते झेपणार नाही. दोघं पोटभर खायला लागू द्या. मग पौष पौर्णिमेला जेजुरीला जा किंवा रंगपंचमीच्या सुमारास मढीला. गावरान घ्या की काठेवाडी, ते ऐपतीप्रमाणे. पण ते कुणाबरोबर वाढलं हे विकणाऱ्याला विचारा, आणि जोडी असेल तर तोडू नका. घरी आणल्यावर निदान दोन-तीन आठवडे लांब बांधा, दिसेल पण तोंडाला तोंड लागणार नाही असं, पाण्याची बादलीही वेगळी. बाजारातून ग्लँडर्ससारखं (घोड्या-गाढवांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) काही दारात आलं तर उरलेलीही जातील.

आई रडते आणि गल्ली हसते, असंही लिहिलंय. हसू द्या. बैलाला पोळा आहे म्हणून त्याच्यासाठी रडलेलं चालतं, गाढवासाठी रडलं की लोकांना गंमत वाटते. अकोटला भोई समाज गाढवांचाही पोळा करतो, रंगवून-सजवून पुरणपोळी भरवतो. आईंना हे सांगा.

थोरली कशानं गेली ते तुम्ही लिहिलं नाही, आणि ते कळायला हवं. अचानक गेली असेल, नाकातून किंवा मागून न गोठणारं काळपट रक्त आलं असेल, तर फाशी या रोगाची (अँथ्रॅक्स) शंका धरायची. मग पुरलेल्या जागेपाशी नराला नेऊ नका, जागा उकरू नका, आजच डॉक्टरांना कळवा. तसं नसेल तर तिचं वय, शेवटच्या दिवसांत काय खात होती, आणि नराची मान कशी दिसते ते खाली लिहा. संध्याकाळची वैरण मोजून टाका आणि सकाळी किती उरली तेही कळवा.