हंगाम तोंडावर आणि गाडी घेईना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साहेब, आमची सहाचाकी गाडी आहे, जुनी, साध्या पंपाची, कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी जादा दाबाची डिझेल यंत्रणा) नाही, २४ व्होल्ट. फक्त उसाला लागते. कारखाना बंद झाला की पत्र्याच्या शेडला लावतो ती दसऱ्यालाच बाहेर काढतो. यंदा सेल्फ मारला तर इंजिन चांगलं गरागरा फिरतंय पण गाडी घेतच नाही. दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या तरी तेच. शेवटी ट्रॅक्टरनं ओढली तेव्हा चालू झाली, मग दिवसभर कितीदा बंद केली तरी एका सेल्फला घेते आणि सकाळी परत तेच. मिस्त्री म्हणतोय पंप आणि नोझल (सिलिंडरात डिझेल फवारतं ते) काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरला दुरुस्तीला देऊया. द्यावा का?
एक वाचक, पन्हाळा तालुका

उत्तर : एवढ्यात देऊ नका. दिवसभर एका सेल्फला घेणाऱ्या गाडीचा पंप गेलाय असं मला वाटत नाही. पंपाचे एलिमेंट (डिझेलला दाब देणारे आतले दट्टे) झिजलेले असते तर उलट गरम इंजिनाला घ्यायला जास्त त्रास झाला असता, कारण गरम झालं की डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून जास्त निसटतं. तुमच्याकडं गरम गाडी चांगली घेतीय, रात्रभर उभी राहिली की घेत नाही, म्हणजे रात्रीत काहीतरी बदलतंय, आणि ते बहुतेक हेच की लाईनमधलं डिझेल मागं टाकीत उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते, गाडी एअर धरते. ट्रॅक्टरनं ओढल्यावर इंजिन बराच वेळ फिरत राहतं, तेवढ्या वेळात फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाकडं पाठवणारा छोटा पंप) ती हवा पुढं ढकलून देतो आणि गाडी चालू होते.

खात्री करायला खर्च काही नाही. उद्या सकाळी सेल्फला हात लावायच्या आधी फीड पंपावरची हातपंपाची मूठ सोडवून दाबत बसा. आधी हलकी हलकी जाईल, मग कडक व्हायला लागेल. कडक झाली की परत आवळा आणि सेल्फ मारा. लगेच घेतली तर दुखणं सापडलं, पंप उतरवायचं काम नाही. नाहीच घेतली तर फिल्टरवरचा एअर स्क्रू आणि मग पंपावरचा स्क्रू सैल करून फेस जाऊन नितळ डिझेल येईपर्यंत एअर काढा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांच्या वर दाबून धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळून दुसरंच काम निघेल.

सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरकडं उभा करा आणि धूर बघायला सांगा. धूरच नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरातला हवेचा दाब), नोझल, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) ही चौकशी करायची, आणि तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं विचारात घ्यायचं. हे एवढं बघितल्याशिवाय पंप उघडू देऊ नका, कंपनीतनं सील आलेला पंप एकदा खोलला की त्याचं सेटिंग टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) बसवूनच परत करावं लागतं आणि हंगाम तोंडावर असताना तेवढे दिवस कुणाकडं आहेत.

आता हवा शिरते कुठून. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीची असते, तिथं बारीक फट असली तर डिझेल गळत नाही, चालू गाडीत हवा आत ओढली जाते, भोक पडलेल्या स्ट्रॉनं रस ओढल्यासारखं. त्यामुळं 'पाईप कोरडी ठणठणीत आहे' म्हणून ती चांगली असं समजायचं कारण नाही. मिस्त्रीला सांगा, टाकीकडनं येणाऱ्या लाईनीत फीड पंपाच्या आधी हातभर डिझेलला चालणारी पारदर्शक नळी क्लिपा लावून घाल आणि गाडी चालू ठेवून बघ. बुडबुडे पळताना दिसले की हवा त्या नळीच्या मागनंच, टाकीच्या बाजूनं येतीय. मग मागं मागं जायचं : पत्र्याच्या शेडात उन्हाळाभर तापून क्लिपेपाशी चिरलेली रबरी पाईप, बँजो बोल्टचे (पाईप जोडणारा, आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) तेच तेच वापरलेले तांब्याचे वॉशर (दहा-वीस रुपयांची वस्तू, दर वेळी नवीनच घाला), फीड पंपाच्या आधीच्या गाळणीच्या वाटीचा रबर, आणि शेडात उंदीर असतील तर त्यांनी कुरतडलेली जागा, वायरिंग पण त्यासोबत बघा. बुडबुडे नसतीलच तर फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा बसलाय का ते बघायचं, व्हॉल्व्ह नीट बसला नाही की रात्रीत डिझेल मागं सरकतं.

लाईन उघडलीच आहे तर टाकीच्या तळाचा प्लग काढून बाटलीभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास तसंच ठेवा. आपल्या भागातला पावसाळा आणि अर्धी टाकी, म्हणजे आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर गार होऊन पाणी होतं आणि खाली बसतं. बाटलीत तळाला पाण्याचा थर दिसला, किंवा काळा बुळबुळीत गाळ दिसला, तर टाकी धुवा आणि फिल्टर बदला, नुसता फिल्टर बदलून आठ दिवसांत परत तुंबेल. पुढच्या वर्षी शेडला लावताना टाकी फुल्ल करून लावा, आत हवाच कमी राहिली की पाणीही कमी.

नव्या बॅटऱ्यांबद्दल, सेल्फ गरागरा फिरत होता म्हणजे जुन्या बॅटऱ्यांचा दोष नसावा. जुन्या अजून दुकानात दिल्या नसतील तर त्या सावकाश चार्ज करा, पाणी बघा, चार्जर काढून रात्रभर ठेवून मग एकेकीचं व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास टिकलं तर ठेवून द्या. १२.२ वर उतरलं असेल तर निम्मीच राहिलीय.

(ज्यांच्या गाडीत सेल्फ हळू फिरतो त्यांनी आधी अर्थिंग बघा. चिखलानं चेसिस-इंजिनमधली जाळीची पट्टी गंजते. एकजण सेल्फ मारत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टी आणि बोल्ट घासूनपुसून आवळा.)

प्रश्न : पावसाळ्यात दर रविवारी पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवतो. बरोबर आहे ना?
एक वाचक, शिरोळ

उत्तर : बरोबर वाटतं पण नुकसान करतं. सेल्फनं बॅटरीतनं जे ओढलं ते पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून निघेलच असं नाही, इंजिन गरम होत नाही, आणि गार इंजिनाची वाफ सायलेन्सरात आणि ऑइलात पाणी म्हणून राहते. एकतर महिन्यातनं एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चांगली गरम होईपर्यंत चालवा, नाहीतर चालूच करू नका, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा (काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी) आणि महिन्याला बॅटरी चार्ज करा. जीपीएस बसवलं असेल तर ते बंद गाडीतपण बॅटरी खात राहतं, हे बरेचजण विसरतात.

प्रश्न : गाडी घेईना तर एअर क्लीनरमधनं स्टार्टिंग स्प्रे (चटकन पेटणारा फवारा) मारला तर चालेल का?
एक वाचक, कागल

उत्तर : नाही. हवेच्या मार्गात हीटर किंवा सिलिंडरात हीटर प्लग असलेल्या गाडीत तर अजिबात नाही, स्प्रे तिथंच पेटतो. बाकीच्या इंजिनातही तो वेळेआधी पेटून पिस्टन-रिंगा फोडू शकतो. आणि कॉमन रेल गाडी असेल तर एअर काढायला म्हणून नोझलच्या पाईपचा नट सैल करायचा नाही, जुन्या पंपाच्या गाडीत करतात म्हणून. तिथं चालू असताना दाब हजार बारच्या वरही जातो, ती धार कातडीतून आत घुसते. तिथं हातपंप मारायचा, बॅटरी पूर्ण चार्ज ठेवायची, कारण इंजिन पुरेशा वेगानं फिरल्याशिवाय रेलमध्ये दाब बनत नाही, आणि तरीही नाहीच घेतली तर स्कॅनर असलेल्या माणसाला बोलवायचं.