गोष्ट कुणी सांगायची, कधी सांगायची

प्रश्न : मी ॲरिझोनात मुलीकडे राहते. जवळच्या नवाहो (अमेरिकेतले मूळचे आदिवासी) वस्तीतल्या बालवाडीत मदतीला जाते. चार-चार वर्षांच्या पोरांचे पुढचे दात किडून हिरडीला टेकलेत. नवाहोंच्या गोष्टींतला कोयोटी, म्हणजे कोल्ह्याचा भाऊबंद, दात घासतो अशी गोष्ट रचून एप्रिलमध्ये सांगू का?
– एक आजी, फ्लॅगस्टाफ

उत्तर : आजी, तुमची तळमळ पोचली, पण ही गोष्ट रचू नका. दिने (नवाहो स्वतःला हेच म्हणवतात) कोयोटीच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगतात, साप-अस्वलं झोपली की. आपण जिवतीची कहाणी श्रावणातच वाचतो, तसंच हे.

त्या भागात मी सहा वर्षं मुलांचे दात पाहिले. आया निष्काळजी नव्हत्या. कित्येक घरांत नळ नाही, पाणी पिंपांत भरून आणायचं. ताजी भाजी तासाभरावर आणि गोड पेयं मात्र प्रत्येक पेट्रोलपंपावर. २०१४ मध्ये नवाहोंच्या स्वतःच्या सरकारनं अशा पदार्थांवर २ टक्के जादा कर बसवला, तो उगाच नाही.

एकदा एक शिमासानी, म्हणजे आईची आई, नातीला घेऊन आली. माझं समजावणं तिनं हातानंच थांबवलं आणि नातीला दिने भाषेत आपल्या कळपातल्या एका मेंढीची हकिकत सांगितली. मेंढीचे दात पडले, गवत तोडता येईना, तो हिवाळा तिला निघाला नाही. नातीनं आपणहून तोंड उघडलं. ही हकिकत त्या आजीची स्वतःची होती, म्हणून तिला ऋतूचं बंधन नव्हतं.

आणखी एक. तिथल्या बालवाड्यांत फ्लोराइडचा लेप आणि पालकांना माहिती, असा मोठा प्रयोग झाला. कीड कमी झाली नाही. बालवाडीत येईतो बहुतेकांचे दात आधीच किडलेले होते. सुरुवात पाळण्यापासून हवी. दिने घरांत बाळ पहिल्यांदा खळखळून हसलं की ज्यानं हसवलं तो जेवण घालतो, बाळाच्या हातून सगळ्यांना मीठ देतात. हे साधारण तिसऱ्या महिन्यात, म्हणजे पहिल्या दाताच्या आधी. रसाची बाटली तोंडात देऊन बाळाला निजवू नका, पहिला दात दिसताच तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावा, हे त्या जेवणात घरच्याच आजीनं सांगितलं तर सुना ऐकतील.

बालवाडीतल्या दिने मदतनीस बाईंना विचारा, कुणाची शिमासानी मुलांशी बोलायला येईल. त्या दिवशी ब्रश तुम्ही न्या आणि मुलांमध्ये बसून ऐका.