सरांच्या सर्टिफिकेटला कंपनीत विचारतं कोण?

गेल्या जूनमध्ये एक आई मुलाला घेऊन माझ्या चिंचवडच्या करिअर समुपदेशनाच्या ऑफिसात आली. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा नुकताच पूर्ण झालेला. आई घरी शिलाई करते, वडील चाकणला कंत्राटी कामावर. आईच्या हातात एका मोठ्या कॅड (संगणकावर ड्रॉइंग आणि डिझाइन) इन्स्टिट्यूटचं माहितीपत्रक होतं: चार महिने, सहा सॉफ्टवेअर, फी ६८ हजार. शिवाय घराजवळच राहणारे एक निवृत्त डिझायनर सर होते. ते पाच-सहा मुलांना घरीच सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर शिकवायचे, तीन महिन्यांचे १५ हजार घ्यायचे.

मुलाचा ओढा सरांकडे होता. आई म्हणाली, "मॅडम, सरांच्या सर्टिफिकेटला कंपनीत विचारतं कोण? पैसे वाचवायच्या नादात पोराचं नुकसान नको व्हायला. बांगड्या ठेवीन मी गहाण."

दर वर्षी निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत, त्यामुळे तो ऐकला की मला आधी आकडेमोड सुचते. मी मुलालाच कागद दिला. रोज दोन तास, महिन्याचे बावीस दिवस, चार महिने: १७६ तास. भागिले सहा सॉफ्टवेअर. एकेकाच्या वाट्याला तीस तासही येईनात. तो कागदाकडे बघत राहिला. तीस तासांत मेनू कुठे काय आहे ते कळतं, हात बसत नाही.

मग मी विचारलं, "समोरची वस्तू बघून ड्रॉइंग काढता येतं का तुला?" तो म्हणाला, "येतं की, डिप्लोमाला चांगले मार्क होते." टेबलावर काही ठेवावं म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात आईने पिशवीतून रुमालात बांधलेली शिलाई मशीनची बॉबिन केस (दोऱ्याच्या चकतीची डबी) काढली. घरी जाताना तशीच नवी घ्यायची म्हणून नमुन्याला आणलेली, आत बॉबिनसकट. मी व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणि पेन्सिल दिली.

वीस मिनिटांनी कागद माझ्याकडे आला. रेषा सुबक होत्या, पण टॉप व्ह्यू त्याने फ्रंट व्ह्यूच्या वर काढला होता. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धतीने काढतात, त्यात टॉप व्ह्यू खाली येतो. ती चूक सांगितल्याबरोबर त्याच्या लक्षात आली. दुसरी येईना. बॉबिनचा बाहेरचा व्यास आणि केसचा आतला व्यास, दोन्हींसमोर त्याने एकच आकडा लिहिला होता. मी आईला म्हटलं, "ताई, डबी आणि आतली चकती अगदी एका मापाची केली तर काय होईल?" तिने क्षणभरही विचार केला नाही. "फिरणारच नाही ना ती. दोरा तुटेल."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. मी त्याला सांगितलं, यात तुझी लाज जाण्यासारखं काही नाही. फिट (दोन भाग एकमेकांत किती सैल-घट्ट बसतात) आणि टॉलरन्स (मापात किती फरक चालतो) परीक्षेपुरतं शिकलास, हातात घेऊन कुणी दाखवलं नाही. सॉफ्टवेअर कितीही महाग असलं तरी तू सांगशील तोच व्यास काढणार. तुला आधी हे दाखवणारा माणूस हवा.

आता सर्टिफिकेटचं. शिकण्याची जागा आणि प्रमाणपत्र देणारी जागा एकच असावी लागते, असा बहुतेक पालकांचा समज असतो. तसं नाही. सॉलिडवर्क्स बनवणाऱ्या दासो कंपनीची सीएसडब्ल्यूए (सर्टिफाइड सॉलिडवर्क्स असोसिएट) नावाची ऑनलाइन परीक्षा आहे. तुम्ही कुठे शिकलात हे तिथे कुणी विचारत नाही. दिलेल्या ड्रॉइंगवरून सॉफ्टवेअरमध्ये भाग तयार करायचा आणि त्याचं वजन किती आलं ते लिहायचं. एखादं भोक चुकलं की वजन चुकतं. घरी शिकलेल्या मुलाला ती देता येते आणि पास झाल्याचं कंपनीला पडताळूनही बघता येतं. इन्स्टिट्यूटच्या चकचकीत कागदापेक्षा मला स्वतःला या परीक्षेचा भरवसा जास्त वाटतो.

निर्णय त्या दिवशी घ्यायचा नाही, असं मी दोघांना सांगितलं. मुलाला दोन कामं दिली. पहिलं, नोकरीच्या जाहिराती वाचून कोण कुठलं सॉफ्टवेअर मागतंय ते वहीत उतरवायचं. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार साधारणपणे कॅटिया किंवा एनएक्स ही सॉफ्टवेअर मागतात. भोसरीत जिग-फिक्श्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे) आणि एसपीएम (एखाद्या ठरावीक कामासाठीच बनवलेली यंत्रं) बनवणाऱ्या लहान कारखान्यांत सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड जास्त दिसतं. याला फिक्श्चरमध्ये रस होता. एक नीट आलं की दुसरं काही आठवड्यांत हाताखाली येतं. आधी स्केच, मग त्याला जाडी देणं (एक्स्ट्रूड), मग भाग जोडणं (असेंब्ली), ही रीत सगळीकडे सारखीच.

दुसरं काम, दोन्हीकडे चालू बॅचमध्ये तासभर बसायचं. डेमो लेक्चरला नाही, चालू बॅचमध्ये. शिकवणार कोण, संगणक किती, सॉफ्टवेअर परवान्याचं आहे की क्रॅक केलेलं, हे विचारून यायचं.

आठवड्याने तो आला. इन्स्टिट्यूटमध्ये बॅचला बसू दिलं नव्हतं. डेमोत पडद्यावर फिरणारं इंजिन दाखवलं, पण शिकवणारे सर वेगळे असतील असं सांगितलं. माहितीपत्रकात "शंभर टक्के प्लेसमेंट" होतं, पावतीच्या नमुन्यावर फक्त "प्लेसमेंटसाठी साहाय्य". सरांनी मात्र पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे एक गंजलेलं ब्रॅकेट ठेवलं आणि म्हणाले, माप घे.

तरीही मी लगेच "सरांकडे जा" म्हटलं नाही, कारण यात माझे एकदा हात पोळले आहेत. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी असंच एका स्वतंत्र ट्रेनरकडे पाठवलं होतं. त्याला बंगळुरूला नोकरी लागली, बॅच अर्ध्यावर तुटली, पूर्ण भरलेले पैसे परत आले नाहीत. ते मला अजून टोचतं. एकट्या माणसाच्या क्लासमागे संस्था उभी नसते. तो आजारी पडला की क्लास बंद. म्हणून तेव्हापासून मी सांगते, फी महिन्याच्या महिन्याला द्या आणि काय-काय शिकवणार ते कागदावर घ्या. सरांनी दोन्ही मान्य केलं.

आईला सरकारी पर्यायही सांगितला. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाचं आहे. तिथे कॅड-कॅमचे (संगणकावर डिझाइन आणि त्यावरून यंत्राने भाग बनवणं) कोर्स चालतात आणि मुलांना खरी यंत्रं जवळून बघता येतात. घर सोडून राहणं जमत असेल तर मी बऱ्याच जणांना तिकडे वळवते. या घराला राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता. घरच्या सरावासाठी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर सुचवलं. ते फुकट आहे, क्रॅकची भानगड नाही.

तो सरांकडे गेला. सीएसडब्ल्यूए पहिल्या खेपेला नापास झाला, दुसऱ्या खेपेला निघाला. त्या मधल्या दिवसांत आईचे मला तीन फोन आले, "चुकलं का हो आपलं?" मी फक्त त्याने काढलेल्या ड्रिल जिगचं (नेमक्या जागी भोक पाडायच्या साच्याचं) ड्रॉइंग पाठवायला सांगितलं. ते आलं, त्यात बुशच्या (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या नळीच्या) भोकाला टॉलरन्स दिलेला होता. मग मलाही धीर आला.

डिसेंबरात भोसरीच्या एका एसपीएम कारखान्यात तो ट्रेनी म्हणून लागला. मुलाखतीत मालकांनी सर्टिफिकेट बाजूला ठेवून टेबलावर एक क्लॅम्प ठेवला होता. पगार सुरुवातीचाच आहे, दोन बसेस बदलून जावं लागतं. त्यांचं एक गिऱ्हाईक एनएक्स वापरतं, म्हणून आता जेवणाच्या सुट्टीनंतरचा एक तास तो तिथल्या सीनिअरच्या शेजारी बसून एनएक्स शिकतो.