फॉर्म्युला ई पहिल्यांदा बघितल्यावर जुन्या फॉर्म्युला वन फॅन्सना काय वाटलं? मला तर काहीच मजा आली नाही

तुम्ही लिहिलंय की शुमाकरच्या काळापासून एफ-वन बघताय, मुलाच्या हट्टापायी फॉर्म्युला ईची, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची, एक अख्खी रेस बसून बघितली, आवाज मिक्सरसारखा वाटला आणि वर ड्रायव्हर लोक पुढे जायलाच तयार नाहीत असं दिसलं. चूक आपली की रेसची, असं विचारलंय.

मलाही डिट्टो हेच वाटलं होतं. आणि मी तर तुमच्यापेक्षा वाईट, मी बघायच्या आधीच टिंगल सुरू केली होती.

पहिली रेस १३ सप्टेंबर २०१४ ला बीजिंगमध्ये झाली. आपल्याकडची एफ-वन २०१३ लाच गुंडाळली गेली होती त्यामुळे आम्ही उपाशीच होतो, त्यात महिंद्राची टीम आणि गाडीत करुण चांढोक, म्हणून पुण्यातल्या रूमवर तिघं मित्र चहा घेऊन बसलो. रेस सुरू झाली आणि पहिलं वाक्य काय, तर 'अरे व्हॉल्यूम वाढव ना'. वाढवला. तरी तेच, दाताच्या डॉक्टरकडे मशीन चालू असतं तसं काहीतरी. मग अर्ध्या रेसमध्ये सगळे ड्रायव्हर पिटमध्ये येऊन गाडीतून उतरले आणि पळत जाऊन दुसऱ्या गाडीत बसले, कारण पहिलीची बॅटरी संपत आलेली! आम्ही लोळून हसलो. त्यावर कडी म्हणजे फॅनबूस्ट, लोकांनी इंटरनेटवर मत द्यायचं आणि जास्त मतं ज्याला त्याला थोडी जादा पॉवर. रिअॅलिटी शोचे एसएमएस आणि रेसिंग यात काही फरक ठेवायचा की नाही राव? शेवटच्या वळणावर प्रॉस्ट आणि हाइडफेल्ड एकमेकांना धडकले, हाइडफेल्डची गाडी हवेत उडून उलटी झाली, तो सुखरूप बाहेर आला आणि मागून येणारा दि ग्रासी जिंकून गेला. तेवढा एक मिनिट आम्ही सगळे उभे राहिलो होतो, बाकी रेस कुणाला आठवत नाही.

मजा न येण्यामागे एक कारण होतं. २०११ ला मी ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर एफ-वन बघायला गेलो होतो. तेव्हाचं व्ही-८ इंजिन १८,००० आरपीएमपर्यंत जायचं आणि तो आवाज कानाने ऐकायचाच नव्हता, छातीच्या पिंजऱ्यात बसायचा. कानात कापसाचे बोळे घालूनही दुसऱ्या दिवशी डोकं भणभणत होतं आणि आम्ही ते मिरवत होतो. तर एफ-वनच्या फॅनला रेस म्हणजे आधी आवाज, मग बाकीचं. तो काढून घेतला की उरलेल्या गोष्टीकडे बघायची सवयच नसते आपल्याला. २०१४ ला एफ-वनमध्येच व्ही-६ हायब्रिड आलं तेव्हा पण लोकांनी आवाजावरूनच बोंब मारली होती, ते आठवत असेल तुम्हाला.

माझं मत बदललं ते २०१९ च्या मेक्सिकोच्या रेसनंतर. तोवर दुसरी जनरेशन आली होती, गाडी बदलायची भानगड संपली होती, एकाच बॅटरीवर पूर्ण रेस. रेस आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होती म्हणून मी रविवारी सकाळी पोहे खात हायलाइट्स लावल्या. पास्कल वेहरलाइन, महिंद्राचा, पोलवरून, म्हणजे पहिल्या नंबरवरून निघालेला, शेवटच्या लॅपला पण पुढे, मागे दि ग्रासी चिकटलेला. फिनिश लाइन समोर दिसतेय आणि गाडीतली वीज संपली. हाकेच्या अंतरावर हो! दि ग्रासी बाजूने निघून गेला. त्याच रेसमध्ये निस्सानच्या दोन्ही गाड्या त्याआधीच रस्त्यात बंद पडल्या होत्या, हिशोब एका लॅपने चुकला.

पोह्याचा चमचा हातातच राहिला माझ्या, आणि पहिलं काय आठवलं असेल तर बाबांची चेतक. सोलापुरात आमच्या घरी ती होती तेव्हा बाबा उतार आला की इंजिन बंद करायचे, सिग्नल लांबून लाल दिसला की शंभर फुटांवरून ॲक्सिलरेटर सोडायचे, आणि अगदी रिझर्व्हही संपलं की स्कूटर एका अंगावर आडवी करून परत सरळ करायची, तेवढ्यात पंप गाठायचा. मला तेव्हा लाज वाटायची. आणि हे लोक जगातल्या भारी ड्रायव्हरांना घेऊन तेच करतायत, लिफ्ट अँड कोस्ट असं नाव देऊन.

हे एकदा डोक्यात बसलं की तुम्हाला जे 'पुढे जायलाच तयार नाहीत' दिसलं त्याचा अर्थ लागतो. जेन-३, म्हणजे तिसऱ्या जनरेशनच्या गाडीला रेससाठी जास्तीत जास्त साधारण ३८.५ किलोवॅट अवर मिळतात, म्हणजे आपल्या लाइट बिलावरचे साडेअडतीस युनिट. बस. त्यात ताशी ३२० किमीपर्यंत जाऊ शकणारी गाडी पाऊण तास पळवायची. तेवढ्यात भागत नाही, म्हणून ब्रेक मारताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालवून वीज परत बॅटरीत भरतात, पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोटर मिळून ६०० किलोवॅटपर्यंत, आणि मागच्या चाकांना तर नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक ठेवलेच नाहीयेत. म्हणजे वळणाला जो लवकर पाय सोडतो तो घाबरट नसतो, तो बचत करत असतो. आणि सगळ्यात पुढे असणाऱ्याला वारा फोडावा लागतो, त्याची वीज जास्त जाते. शाळेत असताना उसाच्या ट्रॉलीमागे सायकल लावून कधी गेला असाल तर हे समजवायची गरजच नाही, मागे पायडल मारायलाच लागत नाही. २०२३ ला पोर्टलँडला अख्खं टोळकं असं एकमेकांच्या आडोशाने फिरत होतं, पुढे जायला कुणीच तयार नाही, आणि दहाव्या नंबरवरून सुटलेला कॅसिडी जिंकला.

ही झाली चांगली बाजू. पण खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मजा येतेच असं नाही. २०२१ ला व्हॅलेन्सियाला पावसात सारखी सेफ्टी कार आली (ती पुढे असली की सगळ्यांनी तिच्यामागे हळू चालवायचं), नियमाप्रमाणे त्या वेळेच्या हिशोबाने सगळ्यांची वीज कापली गेली, तेव्हा रेस ठरावीक वेळेची असायची आणि पुढे असलेल्या दा कॉस्टाने वेळ संपायच्या काही सेकंद आधी लाइन ओलांडल्यामुळे एक लॅप वाढला आणि मग एकेक गाडी रांगत बंद पडायला लागली. जिंकला डी व्ह्रीस. त्या दिवशी टिंगल करणारे बरोबर होते, मी पण केली. अॅटॅक मोड, म्हणजे मुद्दाम रेसिंग लाइन सोडून बाहेरच्या पट्ट्यावरून गेलं की काही मिनिटं जादा पॉवर, हे मला आजही व्हिडिओ गेमच वाटतं. २०२५ पासून काही रेसमध्ये पिटमध्ये ३० सेकंद चार्जिंग पण आणलंय. ते त्यापेक्षा बरं वाटलं, निदान त्यात गाडीची खरी अडचण आणि खरा उपाय आहे.

आता आवाजाचं. टीव्हीवर बघून ठरवू नका. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेन सागरच्या काठाला रेस झाली, सोलापूरहून पुण्याला जायचं तेवढंच थोडं पुढे, म्हणून भाच्याला घेऊन गेलो. ऊन मी म्हणत होतं. गाड्या आल्या तेव्हा पहिल्यांदा कळलं की इंजिनच्या आवाजाखाली किती काय दबलेलं असतं. टायर किंचाळतात ते वेगळं ऐकू येतं, रस्त्याच्या उंचवट्याला गाडीचा तळ घासला की खर्रकन होतं, आणि मध्येच मागच्या रांगेतल्या काकू तेलुगूत कुणालातरी फोनवर ओरडत होत्या ते पण ऐकू येतं, हाहा. जॅग्वारचा सॅम बर्ड आपल्याच टीममेटवर, इव्हान्सवर जाऊन आदळला तेव्हा आम्ही स्क्रीनवर बघत होतो आणि सगळ्या स्टँडमधून एकदम 'आईगं'च्या तोडीचं काहीतरी निघालं, भाषा कुठली का असेना. शेवटी व्हेर्नकडे वीज कमी, मागे कॅसिडीकडे जास्त, आणि व्हेर्नने त्याला लॅपमागून लॅप दाबून ठेवलं, अर्ध्या सेकंदापेक्षा कमी फरकाने जिंकला. भाच्याला मी स्क्रीनकडे बोट दाखवून फक्त बॅटरीचे टक्के वाचायला सांगितले होते, तो ओरडून सांगत होता 'मामा दोन टक्के कमी आहेत त्याच्याकडे!' आसपासचे लोक मग त्यालाच विचारायला लागले.

२०२४ ची हैदराबादची रेस रद्द झाली, त्याचं मात्र अजून वाईट वाटतं. त्या सीझनला मुंबईचा जेहान दारुवाला मासेरातीकडून पूर्णवेळ चालवत होता, त्याला घरच्या रस्त्यावर बघायला मिळालं असतं.

तर चूक कुणाचीच नाही, तुम्ही फक्त चुकीच्या ठिकाणी बघत होता. पुढच्या वेळी पुढे कोण आहे ते सोडा, स्क्रीनवर नावांशेजारी बॅटरीचे टक्के दाखवतात त्यावर नजर ठेवा, आणि ज्याच्याकडे इतरांपेक्षा दोन-तीन टक्के जास्त आहेत पण नंबर सहावा-सातवा आहे असा एक माणूस पकडा, त्याच्या मागे लागा. एफ-वनची जागा ही घेणार नाही, माझ्यासाठी तरी नाही, रविवारी दोन्ही एकाच वेळी असतील तर मी काय लावणार ते सांगायला नको. मुलगा बघतोय तर बसा त्याच्यासोबत. सुरुवातीच्या वीस मिनिटांत डुलकी लागली तर खुशाल लागू द्या, शेवटच्या पाच लॅपला उठवायचं काम त्याच्याकडे द्या.