एक माईक आणि अकरा उत्साही पोरं

अगं, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. तुझ्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे गावच्या लोकांनीच चालवायच्या रेडिओवर, अकरा व्हॉलंटियर्स, सगळ्यांनाच आरजे व्हायचंय, एकजण न विचारता स्टुडिओतल्या आवाजाच्या मिक्सरची सेटिंग बदलून जातो, एकीच्या रोज रात्री ग्रुपवर सात-आठ प्रोग्रामच्या आयडिया, आणि तू "उद्या बोलू" म्हणून म्हणून दमलीयेस. पण कुणाला काढायचा विचार आत्ता अजिबात नको. कॉलेज, रानातली कामं सांभाळून फुकट येतायत गं ती पोरं.

मी काय चुकले ते सांगते. एका पोराचा आवाज छान म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला लाइव्ह बसवलं, आणि त्याने दोन गाण्यांच्या मधे फोनवर बघून ग्रामपंचायतीचा निकाल वाचून टाकला, वर निवडून आलेल्यांचं अभिनंदनसुद्धा. आपल्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बुलेटिन तेवढं जसंच्या तसं लावता येतं, आणि राजकारण तर नाहीच नाही. पण हे त्याला मी सांगितलंच नव्हतं! तो बिचारा गावाला लवकर कळावं म्हणून धडपडला आणि बोलणी खाऊन जो गेला तो परत आलाच नाही. अजून वाईट वाटतं. म्हणून नियम सांगशील तेव्हा तो का आहे तेही सांग, आणि काय चालतं तेही सांग, म्हणजे पाऊसपाणी, परीक्षेचे निकाल, लाईट कधी जाणार, जत्रा कधी, हे सगळं चालतं.

त्यानंतर आम्ही नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस माईक दिलाच नाही, नुसता रेकॉर्डर आणि हेडफोन. एकजण जात्यावरच्या ओव्या आणायला गेला आणि तासाभराचं रेकॉर्डिंग घेऊन आला, त्यात आजी कमी आणि हाच जास्त. मी काही बोलले नाही, त्यालाच पूर्ण ऐकायला बसवलं. दुसऱ्या दिवशी परत गेला आणि गप्प बसून आजीच्या सतरा ओव्या घेऊन आला.

आयडियावाल्या मुलीला नाही म्हणू नकोस. एकच आयडिया निवडायला लाव, कुणाकुणाशी बोलणार ती नावं लिहून घे आणि तीन एपिसोड रेकॉर्ड करून आण म्हणावं, तिन्ही आले की शेड्युलमध्ये जागा. ज्यांना नुसतं सुरू करायचंच आवडतं ते दुसऱ्या एपिसोडला आपोआप थांबतात, कुणाचं मन मोडावं लागत नाही. आणि आयडिया फक्त रविवारच्या मीटिंगमध्ये, रात्रीचा ग्रुप बंद.

मिक्सरवाल्याला मशीनची खरंच आवड दिसतेय. फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांच्या, जागा टेपने मार्क करून ठेव आणि रेकॉर्डिंगची जबाबदारी त्याच्यावर टाक. जे जे ऑन एअर गेलं ते तीन महिने जपून ठेवावं लागतं आपल्याला, ते रोज तारखेनं लावायचं, रजिस्टर लिहायचं, हे काम असा पोरगाच मनापासून करतो.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. या अकरा जणांच्या गलक्यात तुझ्याकडे मागे येणाऱ्या त्या दोन बायका कुठे गेल्या? तू त्यांचं एका ओळीत लिहिलंयस, "हल्ली येत नाहीत". शंभर वॅटचा आपला ट्रान्समीटर, आजूबाजूची दहा-पंधरा गावं ऐकणार, तिथं रोज तेच तीन आवाज आले तर वस्तीवरचा माणूस म्हणणार हा त्यांचा रेडिओ, आपला नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने हवेतल्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे असा निकाल दिला ना, त्या खंडपीठावर आपले न्या. पी. बी. सावंत होते, त्याच निकालामुळे पुढे आपल्यासारख्या स्टेशनांना वाट मिळाली. त्या लोकांमध्ये माईकपाशी न येणाऱ्या बायकाही आल्या.

म्हणून आठवड्यातले दोन स्लॉट आजच राखून ठेव, त्यात या अकरांपैकी कुणाचाही आवाज नको, त्यांनी फक्त रेकॉर्डर धरायचा. आणि त्या दोघींना फोन करू नकोस, घरी जा. संध्याकाळी जा, दिवसा रानात असतील.

तुझी,
ताई