दर चित्राला दहा रुपये

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. तिला लहानपणापासून चित्रांचं वेड. प्रोत्साहन म्हणून दिवाळीपासून दर चित्राला दहा रुपये देऊ लागलो. आता ती दोन मिनिटांत डोंगर-सूर्य उरकते आणि पैसे नाहीत म्हटलं की वहीच उघडत नाही. काय चुकलं? – एक पालक, सांगली

उत्तर : भाव आधी ठरला, तिथे चुकलं. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली अमेरिकेत बालवाडीतल्या, स्केचपेनांनी रंगवण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक देऊ’ असं आधीच सांगितलं, काहींना तेच बक्षीस शेवटी अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे वर्गात तीच पेनं मोकळी ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्यांच्याशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. ‘हे मी माझ्या मर्जीनं करते’ ही भावना, म्हणजेच स्वायत्तता, मनाची मूलभूत गरज आहे, असं डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ मानतात. ठरलेल्या मोबदल्यानं नेमका तिलाच धक्का लागतो.

आता सौदा बंद करा, पण चिडून नको. ‘पैसे द्यायला लागलो ते आमचं चुकलं, चित्रं तुझी आहेत’ एवढं सरळ सांगा. आधीच्या चित्रांचे पैसे राहिले असतील तर देऊन टाका. कागद-रंग तिच्या हाताला येतील असे ठेवा. काही आठवडे वही बंद राहिली तरी तगादा नको. चित्र दाखवलं तर ‘छान! आता स्पर्धेत नंबर आण’ म्हणू नका, तीही सक्तीच. ‘पाण्यात झाडाची सावली दाखवलीस’ असं, दिसेल ते बोला.

स्वायत्तता म्हणजे लाड नव्हे. फरशीवर रंग सांडतात, तर नियम हवाच. फक्त ‘खबरदार सांडलास तर’ऐवजी ‘रंग उडवायला मजा येते, कळतं. पण फरशीचे डाग निघत नाहीत, म्हणून खाली पेपर अंथरू. जुना पेपर घेतेस की प्लास्टिक?’ असं म्हणा. भावना ओळखली, कारण दिलं, निवड दिली. पाढ्यांसारख्या कंटाळवाण्या कामालाही हेच लागू. निवड खरी असावी, दोन-तीनच पर्यायांची. तिनं प्लास्टिक म्हटल्यावर तुम्ही पेपर अंथरलात, तर पुढच्या वेळी ती विचारलेल्याला उत्तरच देणार नाही.

प्रश्न : सासरे 78 वर्षांचे. सगळं हातात देतो, तरी त्यांचं कशातच मन लागत नाही. – एक सून, ठाणे

उत्तर : सगळं हातात मिळतं, म्हणूनही असं होऊ शकतं. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात काही जणांना आवडीचं रोप निवडून स्वतः सांभाळायला दिलं, काही बाबतींत निर्णयही त्यांच्याकडे सोपवले. बाकीच्यांनाही रोपं दिली, पण पाणी परिचारिकांनी घातलं. पहिला गट अधिक सजग आणि उत्साही दिसला.

आठवड्याच्या गोळ्यांचा डबा त्यांनाच भरू द्या, तुम्ही शेवटी एकदा तपासा. भाजी कोणती आणायची ते त्यांना ठरवू द्या आणि कारली सांगितली तर कारलीच आणा. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलेली असेल तर हे नैराश्यही असू शकतं, डॉक्टरांना दाखवायला हवं. कोणत्या दिवशी जायचं, ते त्यांनाच विचारा.