साठ मीटरनंतर मागे का पडते?

प्रश्न : सर मी अकरावीत आहे, १०० मीटर पळते. स्टार्ट माझा चांगला बसतो पण ६०-७० मीटरनंतर बाकीच्या मुली पुढे निघून जातात. मैदानावर सगळे ओरडतात पुढे वाक, पाय लांब टाक. मी तेच करते, तरी मागे पडते आणि मागच्या महिन्यात मांडी मागून धरली पण. फुल स्पीडला बॉडी नक्की कशी पाहिजे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : अगं, वाकणं हे सुटल्या सुटल्या करायचं काम आहे, आणि तेही कमरेत नाही, टाचेपासून डोक्यापर्यंत एका रेषेत. पहिल्या वीस-तीस मीटरात हळूहळू सरळ व्हायचं आणि मग लहानपणी दाराच्या चौकटीला टेकून उंची मोजायला उभी राहायचीस ना, तसं ताठ, कंबर वर, नजर समोर. साठाव्या मीटरला वाकलीस तर कंबर खाली बसते, गुडघे वर येत नाहीत, बसून पळल्यासारखं होतं.

आता पाय लांब टाकायचं, खरी गडबड इथेच आहे. लांब टाकलेलं पाऊल कमरेच्या खूप पुढे पडतं आणि तिथे पडलं की प्रत्येक स्टेपला ब्रेक लागतो. ते कमरेच्या खाली किंवा अगदी थोडं पुढे, चवड्यावर पडलं पाहिजे. फुल स्पीडला पाऊल जमिनीवर सेकंदाचा दहावा भाग असतं जेमतेम, तेवढ्यात जमीन खाली जोरात दाबायची, स्टेप आपोआप लांब होते. मांडी धरली तीही बहुतेक यातूनच, कारण पाय पुढे जाऊन खाली टेकायच्या जरा आधी हॅमस्ट्रिंगवर, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंवर, सगळ्यात जास्त ताण येतो. अजून दुखत असेल तर आधी फिजिओला दाखव, पळायचं नंतर.

मैत्रिणीला पन्नास मीटरच्या खुणेपाशी बाजूला उभी कर, मोबाईलवर स्लो मोशन काढायला सांग. पाऊल टेकतं तिथे व्हिडिओ थांबव आणि नडगी बघ. साधारण उभी असेल तर ठीक, पाऊल पुढे आणि गुडघा मागे राहिलेला दिसला तर तुझा ब्रेक सापडला. आवाजही ऐक, लांब पडलेलं पाऊल चप्पल आपटल्यासारखं फटाक वाजतं.

हात खांद्यातून हलव, पुढे हनुवटीपर्यंत, मागे कंबर ओलांडून, मागे जाताना कोपर थोडं उघडू दे. मुठी आवळू नकोस. मी कॉलेजात दातओठ खाऊन पळायचो, खांदे कानाला लागायचे, फोटोत मात्र फार शूर दिसायचो!

आणि हे पण बघ, २००९ ला बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदात पळालेला उसेन बोल्ट ६० ते ८० मीटरमध्ये सगळ्यात फास्ट होता, शेवटच्या वीस मीटरात त्याचाही स्पीड थोडा उतरला. पुढे जाणाऱ्या मुली तिथे स्पीड वाढवत नसतात गं, त्यांचा तुझ्यापेक्षा कमी उतरतो एवढंच, आणि तू घाबरून अजून लांब पाय टाकतेस.

मांडी पूर्ण बरी झाली की आठवड्यातून दोनदा तीस मीटर स्पीड चढवत ये, पुढचे वीस मीटर फुल, मग सोडून दे. असे चार-पाच, मध्ये चार-पाच मिनिटं पूर्ण आराम. तुमच्या नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ बागेत तळ्याभोवती चालणाऱ्यांच्या गर्दीत नको, पेव्हर ब्लॉकवर तर अजिबात नको, मातीचं मैदान बघ, आणि पाऊस पडून चिखल असेल तर सुट्टी घे.

व्हिडिओ काढलास की पाऊल टेकतानाचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठव, चेहरा नसला तरी चालेल, मला नडगी बघायची आहे.